‘१०० टक्के ग्रीन’ होस्टिंगचा रिव्ह्यू: वर्षाचा आकडा नको, तासाचा दाखवा

आधी निकाल सांगतो, मग सविस्तर. पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो जीपीयू सर्व्हरसाठी (म्हणजे एआयची जड कामं करणाऱ्या चिप असलेले सर्व्हर), त्याबद्दल पुढे लिहिलंय. होस्टचं, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण मला एका कंपनीची जाहिरात करायची नाहीये आणि आधीच्या होस्टची बदनामी पण करायची नाहीये. अशी ‘रिन्यूएबल एनर्जीवर चालणारी’ होस्टिंग सर्व्हिस आता ढीगभर ठिकाणी मिळते, सगळ्यांच्या पानावर तीच हिरवी पानं आणि पवनचक्क्यांचे फोटो असतात, त्यामुळे घेताना नेमकं काय बघायचं आणि वापरायला लागल्यावर काय फरक पडतो हे लिहिलं तर जास्त लोकांना उपयोग होईल असं वाटलं.

आमचं काम काय ते थोडक्यात. जुन्या मुलाखती, भाषणं, गप्पा यांच्या ऑडिओ रेकॉर्डिंगचं एक आर्काइव्ह आम्ही काही जण मिळून चालवतो. समोर वेबसाइट आणि सर्च, मागे ऑडिओ ऐकून मजकूर काढणारं एआय मॉडेल. वेबसाइट तशी हलकीफुलकी आहे, पण ते ट्रान्सक्रिप्शन आणि बॅकअप भरपूर वीज खातात. हे काम पुढच्या पिढ्यांसाठी म्हणून करायचं आणि त्यासाठी कोळसा जाळायचा हे आम्हाला कुणालाच पटत नव्हतं, म्हणून पहिल्यापासून होस्ट ‘ग्रीन’च हवा असं ठरलेलं.

आधीचा होस्ट पण ग्रीनच होता, निदान त्यांच्या पानावर तरी तसं लिहिलं होतं. १०० टक्के रिन्यूएबल, मोठ्या अक्षरात. मी सपोर्टला विचारलं की तुमचं डेटा सेंटर नक्की कुठल्या विजेवर चालतं? उत्तर आलं, ‘सर, आम्ही १०० टक्के रिन्यूएबल आहोत.’ म्हटलं हो, ते वाचलं, पण कुठल्या प्रकल्पातून घेता? मग बऱ्याच मागेपुढे मेलामेलीनंतर एक पीडीएफ आली. त्यात सर्टिफिकेटांची यादी होती. वीज तयार झाली होती दुसऱ्याच देशातल्या एका जुन्या धरणावर, आणि ती पण आदल्या वर्षी. आमचा सर्व्हर जिथे होता तिथल्या ग्रिडवर, म्हणजे विजेच्या जाळ्यावर मात्र त्या वेळी गॅस आणि कोळसाच चालू होता.

यात त्यांनी काही बेकायदा केलेलं नाही हे आधी सांगतो, कारण नियमच तसे आहेत. सर्टिफिकेट प्रकरण असं असतं की सौर, पवन किंवा जलविद्युत प्रकल्पाने १ मेगावॅट-तास म्हणजे आपली १००० युनिट वीज ग्रिडवर टाकली की त्याला एक सर्टिफिकेट मिळतं. अमेरिकेत त्याला आरईसी म्हणतात, युरोपात गॅरंटी ऑफ ओरिजिन, बाकी बऱ्याच देशांत आय-आरईसी. आता वीज एकीकडे विकली जाते आणि हे सर्टिफिकेट वेगळं विकता येतं. म्हणजे तुम्ही कुठल्याही ग्रिडवरून कुठलीही वीज वापरा, वर्षाच्या शेवटी तेवढ्या युनिटांची सर्टिफिकेटं विकत घ्या, झालात १०० टक्के रिन्यूएबल. धरण तर तसंही चाललंच असतं, तुमच्या पैशाने एक नवीन पवनचक्की उभी राहिली नाही की एक टन कोळसा कमी जळला नाही.

कार्बनचा हिशोब कसा मांडायचा याचे जगभर वापरले जाणारे नियम जीएचजी प्रोटोकॉलचे आहेत. त्यांची विजेसाठीची गाइडलाइन २०१५ ची, तिचं नाव स्कोप २ गाइडन्स. त्यात दोन हिशोब सांगितलेत. एक लोकेशन-बेस्ड, म्हणजे तुमच्या जागेवरच्या ग्रिडची वीज खरंच किती घाण आहे. दुसरा मार्केट-बेस्ड, म्हणजे तुम्ही कागदावर कुठली वीज विकत घेतली. दोन्ही आकडे द्यायचे असतात. जाहिरातीत मात्र दुसराच येतो, कारण तो शून्य दाखवता येतो. तुम्ही होस्टला विचारताना फक्त एवढंच विचारा की लोकेशन-बेस्ड आकडा किती आहे, पुढचा संवाद लगेच वेगळ्या वळणावर जातो, मी करून बघितलंय.

तर आता नवीन होस्टबद्दल.

यांच्या पानावर १०० टक्के लिहिलेलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच मी थांबून वाचलं. त्यांनी प्रत्येक डेटा सेंटरचा वेगळा आकडा दिला होता आणि तो तासातासाच्या हिशोबाचा होता. म्हणजे ज्या तासाला सर्व्हरने वीज वापरली त्याच तासाला, त्याच ग्रिडवर, त्यांच्या करारातल्या प्रकल्पांनी किती वीज टाकली, आणि उरलेली ग्रिडवरची वीज किती स्वच्छ होती. एका सेंटरचा आकडा ऐंशीच्या घरात, एकाचा नव्वदच्या वर, एकाचा तर जेमतेम निम्मा. ५० टक्के रिन्यूएबल असं कुठली कंपनी स्वतःच्या पानावर लिहील? यांनी लिहिलं होतं.

ऐंशी टक्के वाचून कुणाला कमी वाटेल म्हणून गूगलचं उदाहरण देतो. गूगलने २०१७ पासून दरवर्षी जेवढी वीज वापरली तेवढी रिन्यूएबल वीज विकत घेतली, म्हणजे वार्षिक हिशोबात १०० टक्के. मग २०२० मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की हे पुरेसं नाही, २०३० पर्यंत प्रत्येक तासाला, प्रत्येक ग्रिडवर कार्बन-फ्री वीज वापरायची. त्या तासाच्या हिशोबाने त्यांचा २०२३ चा जागतिक आकडा होता ६४ टक्के आणि २०२४ चा ६६ टक्के. तीच कंपनी, तेच सर्व्हर, तीच वीज. वर्षाने मोजली तर १००, तासाने मोजली तर ६६. एवढा पैसा, एवढे इंजिनीअर असून जर दोन तृतीयांशावर गाडी अडत असेल तर एखादा छोटा होस्ट कुठलाही हिशोब न दाखवता १०० म्हणत असेल तर त्यावर कसा विश्वास ठेवायचा? मेटा (फेसबुकची कंपनी) २०२० पासून आणि ॲमेझॉन २०२३ साठी असाच १०० टक्के मॅच सांगतात, तो पण वार्षिक हिशोब आहे हे लक्षात ठेवून वाचा.

वार्षिक हिशोब म्हणजे दिवसभर उपाशी राहायचं, रात्री दुप्पट जेवायचं आणि सरासरीने दोन्ही वेळचं जेवण झालं म्हणायचं. दुपारी सौर वीज एवढी येते की काही ग्रिडवर तिला गिऱ्हाईक नसतं, आणि रात्री सर्व्हर चालूच असतो पण सूर्य नसतो.

हे सगळं वाचून माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या सर्व्हरचा ग्राफ समोर बघणं वेगळं. या होस्टच्या डॅशबोर्डमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा तासाचा ग्राफ. खाली चोवीस तास, प्रत्येक तासाचा एक खांब, खांबात रंगांचे थर. पिवळा सौर, निळा पवन, गडद निळा पाणी, जांभळा बॅटरी, आणि वर करडा, तो करडा म्हणजे ग्रिडवरची जळणाची वीज. सकाळी आठनंतर पिवळा वाढायला लागतो, दुपारी तर खांब जवळजवळ पूर्ण पिवळा-निळा. पाचनंतर पिवळा झपाट्याने खाली येतो आणि बरोबर त्याच वेळी लोक घरी येऊन सगळं चालू करतात म्हणून पूर्ण ग्रिडची मागणी चढते. मग जांभळा येतो, दोन-तीन खांब तो तग धरतो, आणि नऊच्या सुमाराला संपतो. त्यानंतर करडा. वारा असेल तर रात्री अकरा-बारानंतर निळा परत येतो आणि पहाटेपर्यंत चित्र बरं असतं. वारा नसेल तर सकाळपर्यंत करडाच करडा. थंडीत ढगाळ हवा आणि वारा पडलेला असे सलग काही दिवस आले तेव्हा तर दुपारचे खांब पण अर्धे करडे होते. जर्मनीत अशा दिवसांना डुंकेलफ्लाउटे म्हणतात, २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिकडे अशा दिवसांत विजेचे बाजारभाव आकाशाला भिडले होते.

होस्ट स्वतःचेच आकडे दाखवतोय म्हणून मी ते पडताळून पण बघितले. इलेक्ट्रिसिटी मॅप्स नावाची एक साइट आणि ॲप आहे, डेन्मार्कमधल्या कंपनीचं, त्यात जगभरातल्या ग्रिडची वीज आत्ता या क्षणी कशापासून येतेय आणि एका युनिटमागे किती ग्रॅम कार्बन निघतोय ते दिसतं. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघडून संध्याकाळचे तास बघितले, चढउतार तंतोतंत जुळतो. हे ॲप फुकटात बघता येतं, प्रत्येकाने एकदा बघाच, आपला सर्व्हर जिथे आहे तो भाग लाल-तपकिरी दिसला की मग जाहिरातीतली हिरवी पानं वेगळ्या नजरेने बघितली जातात.

ग्रॅमचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या मंडळाच्या २०१४ च्या अहवालातले मधले आकडे असे आहेत, प्रकल्प बांधण्यापासूनचा सगळा हिशोब धरून एका युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम, गॅस ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, जलविद्युत २४, अणुऊर्जा १२, जमिनीवरच्या पवनचक्क्या ११. म्हणजे तेच ट्रान्सक्रिप्शन, तेवढेच युनिट, पण कोळशाच्या तासाला केलं की वाऱ्याच्या तासापेक्षा सत्तरपट जास्त कार्बन. कामात काडीचा बदल न करता!

आणि इथेच या सर्व्हिसचं दुसरं फीचर कामाला येतं, ज्यासाठी मी चार स्टार देतोय. जॉब, म्हणजे सर्व्हरवर चालवायचं काम लावताना ‘हे आत्ता करा’ च्या ऐवजी ‘हे अमुक वेळेपर्यंत झालं पाहिजे, मधे कधीही करा’ असं सांगता येतं. मग त्यांचा शेड्यूलर उद्याचा हवामानाचा आणि ग्रिडचा अंदाज बघून ज्या तासांना वीज स्वच्छ असेल तेव्हा जॉब चालवतो. गूगलने स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये २०२० मध्ये असंच सुरू केलं होतं, यूट्यूबच्या व्हिडिओंची प्रोसेसिंग वगैरे थांबू शकणारी कामं दिवसातल्या स्वच्छ तासांकडे सरकवायची. तेव्हा वाचून वाटलं होतं की हे फक्त अवाढव्य कंपन्यांनाच जमणार. आता एका छोट्या आर्काइव्हला पण मिळतंय, याचं मला खरंच फार कौतुक वाटतं.

आमचे बॅकअप आधी रात्री दहाला लागायचे, का तर सगळे रात्रीच लावतात म्हणून. ग्राफ बघितल्यावर कळलं की दहा म्हणजे आमच्या ग्रिडची सगळ्यात घाण वेळ. आता ते दुपारी होतात किंवा मध्यरात्रीनंतर वारा आला की होतात, आम्हाला काहीच फरक पडत नाही, सकाळी येऊन बघितलं की झालेले असतात. ट्रान्सक्रिप्शनलाही चोवीस तासांची मुदत दिलीये. एखाद्याने नवीन रेकॉर्डिंग टाकलं आणि त्याला लगेच मजकूर हवा असेल तर ‘लगेच’ हा पर्याय आहेच, पण बहुतेकांना उद्या मिळाला तरी चालतो, फक्त आधी कुणी विचारलेलं नसतं. आम्ही पानावर सरळ लिहून टाकलं की मजकूर उद्यापर्यंत येईल आणि का ते पण लिहिलं, एकानेही तक्रार केली नाही.

हे अर्थातच सगळ्या कामांना लागू होत नाही. वेबसाइट माणूस उघडेल तेव्हा उघडली पाहिजे, पेमेंट, चॅट, व्हिडिओ कॉल यातलं काहीच दुपारपर्यंत थांबू शकत नाही. तुमचं सगळं काम असं असेल तर या शेड्यूलरचा तुम्हाला उपयोग शून्य, तुम्ही जागा निवडण्यावरच भर द्या.

कारण सगळ्यात मोठा फरक पडतो तो जागेमुळे. नॉर्वेची बहुतांश वीज पाण्यावर तयार होते, आइसलँडची पाणी आणि जमिनीखालच्या उष्णतेवर, दोन्हीकडे रात्र असो वा ढग, काही फरक पडत नाही. फेसबुकने अमेरिकेबाहेरचं आपलं पहिलं डेटा सेंटर २०१३ मध्ये स्वीडनमधल्या लुलेओला उगाच नाही काढलं, शेजारच्या नदीवर जलविद्युत आहे आणि बाहेरची हवा एवढी गार की तीच आत घेऊन सर्व्हर थंड ठेवतात. फिनलंडमध्ये हामिनाला गूगलने जुन्या कागदाच्या कारखान्यात डेटा सेंटर केलंय, तिथे समुद्राचं पाणी वापरून कूलिंग होतं. डेन्मार्कमध्ये ओडेन्सला मेटाच्या सेंटरमधली उष्णता शहरातली घरं गरम करायला दिली जाते. या होस्टचं पण एक सेंटर उत्तर युरोपात आहे, नव्वदच्या वर आकडा होता तो त्याचाच. आम्ही बॅकअप आणि जुन्या फाइल तिकडे हलवल्या.

वेगाची भीती असते लोकांना, तर त्याचा साधा हिशोब असा आहे की फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटरमागे जाऊन-येऊन १० मिलिसेकंद धरा. त्यावर रूटिंगचं, म्हणजे वाटेतल्या वळशांचं थोडं वाढतं. बॅकअपला, ट्रान्सक्रिप्शनला, ईमेलला हे जाणवत पण नाही. गेमिंग आणि व्हिडिओ कॉलला जाणवेल. आमची वेबसाइट लोकांच्या जवळच ठेवलीये आणि जड काम लांब, ही वाटणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. मोठ्या क्लाउडवर असाल तर गूगल क्लाउडमध्ये रीजन (सर्व्हर कुठल्या भागात ठेवायचा ते) निवडताना काही नावांपुढे पानाचं छोटं चिन्ह दिसतं, तासाच्या हिशोबाने किमान ७५ टक्के कार्बन-फ्री असलेल्या रीजनना ते देतात, आणि प्रत्येक रीजनचा आकडा पण उघड देतात. नवा प्रोजेक्ट सुरू करताना ते यादीत वर असलेलं पहिलं रीजन डोळे झाकून घेण्यापेक्षा दोन मिनिटं हे बघा. नंतर हलवणं फार त्रासाचं असतं.

विश्वासार्हतेचं पण बरेच जण विचारतात, की वारा पडला तर साइट बंद पडणार का? नाही. सर्व्हर ग्रिडलाच जोडलेला असतो, वारा पडला तर वीज दुसरीकडून येते, फक्त ती घाण असते. आमच्या वापरात विजेमुळे साइट बंद पडली असं एकदाही झालेलं नाही. ग्रिडच गेली तर आधी बॅटऱ्या आणि मग जनरेटर, हे कुठल्याही डेटा सेंटरसारखंच. यांचे जनरेटर अजून डिझेलवरचेच आहेत, फक्त टाकीत खनिज डिझेलऐवजी टाकाऊ तेलापासून बनवलेलं इंधन भरतात असं त्यांनी विचारल्यावर सांगितलं. स्वतःहून पानावर लिहिलेलं नव्हतं, लिहायला हवं होतं.

पीयूईचा आकडा पण सगळे मिरवतात. डेटा सेंटरची एकूण वीज भागिले सर्व्हरनी खरी वापरलेली वीज, म्हणजे १ च्या जितकं जवळ तितकं कूलिंग वगैरेवर कमी वाया. गूगलचा २०२४ चा सरासरी १.०९ होता, जगभरातली सरासरी गेली काही वर्षं १.५ च्या वरच अडकलीये. या होस्टचा ठीक आहे, दोन्हींच्या मधला. पण पीयूई कितीही चांगला असला तरी तो वीज कुठून आली हे सांगत नाही, कोळशावरचं सेंटर पण १.१ असू शकतं. आणि काही ठिकाणी हा आकडा खाली आणायला पाण्याची वाफ करून कूलिंग करतात, तेव्हा पाणी किती लागतं ते पण विचारायला हवं.

आता खटकलं ते.

सगळ्यात मोठं म्हणजे जीपीयू. साध्या सर्व्हरसाठी एवढा सुंदर तासाचा ग्राफ आणि जिथे सगळ्यात जास्त वीज जाते त्या जीपीयू सर्व्हरसाठी काहीच नाही. कारण शोधल्यावर कळलं की जीपीयू त्यांच्या स्वतःच्या सेंटरमध्ये नाहीतच, दुसऱ्या कंपनीच्या इमारतीत जागा भाड्याने घेऊन ठेवलेत, आणि ती कंपनी तासाचे आकडे देत नाही, वर्षाचं सर्टिफिकेट देते. म्हणजे फिरून पुन्हा त्याच पीडीएफवर आलो. यांनी तिथे निदान १०० टक्के लिहिलेलं नाही, ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलंय, तेवढा प्रामाणिकपणा आहे. पण एआयचं काम करणाऱ्यांसाठी हाच तर मुख्य प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या, म्हणजे आयईएच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटरनी साधारण ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ती ९४५ च्या आसपास जाईल असं ते म्हणतात, आणि या वाढीत सगळ्यात मोठा वाटा एआयचा. आयर्लंडमध्ये तर २०२३ मध्येच मीटरने मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरना गेली, देशातल्या शहरी भागातल्या सगळ्या घरांना मिळून गेली त्यापेक्षा जास्त. अशा वेळी नेमका जीपीयूचाच रकाना रिकामा असणं मला चालत नाही.

दुसरं, करार नवीन प्रकल्पांशी आहेत की जुन्या, हे त्यांनी अर्धवट सांगितलंय. पीपीए म्हणजे दहा-पंधरा वर्षं ठरलेल्या दराने वीज घ्यायचा करार, तो हातात असला की त्यावर प्रकल्पाला कर्ज मिळतं आणि प्रकल्प उभा राहतो, म्हणून नवीन प्रकल्पाशी केलेला करार आणि जुन्या धरणाचं सर्टिफिकेट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. यांचा एक पवन प्रकल्प करारानंतर बांधला गेला हे पानावर तारखेसकट आहे, बाकीच्यांबद्दल मोघम. छोट्या होस्टना एकट्याने असे करार जमत नाहीत, चार जण मिळून करतात हे समजू शकतो, पण मग तसंच लिहा.

तिसरं, सर्व्हर बनवतानाचा कार्बन. चिप, बोर्ड, डिस्क, रॅक, इमारतीचं सिमेंट आणि स्टील, हे सगळं कुठल्याच ग्राफमध्ये नाही. वीज जितकी स्वच्छ होत जाईल तितका हा वाटा मोठा दिसणार. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये २०३० पर्यंत कार्बन निगेटिव्ह होऊ, म्हणजे सोडू त्यापेक्षा जास्त कार्बन हवेतून काढू, असं जाहीर केलं आणि २०२४ च्या त्यांच्या अहवालात एकूण उत्सर्जन २०२० पेक्षा जवळपास २९ टक्क्यांनी वाढलेलं होतं, त्याचं मोठं कारण नवीन डेटा सेंटर बांधणं हेच होतं. आमचा होस्ट सर्व्हर जास्त वर्षं वापरतो, पार्ट बदलून चालवतो, हे चांगलंच आहे. फक्त त्याचा आकडा द्या एवढंच मागणं.

बारीकसारीक तक्रारी पण आहेत. तासाचे आकडे आधी अंदाजे दिसतात आणि पक्के व्हायला काही दिवस लागतात, तेव्हा ग्राफ बदलतो आणि बदलला हे कुठे लिहिलेलं नसतं. डेटा डाउनलोड करता येतो पण टाइमझोनचा घोळ आहे, आमचा दुपारचा पिवळा फाइलमध्ये भलत्याच तासांना दिसत होता, सपोर्टने मान्य करून दुरुस्त केलं. सपोर्ट एकूण छान, विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतात, आणि माहीत नसेल तर विचारून सांगतो म्हणतात आणि खरंच सांगतात.

अजून एक, त्यांच्या ग्राफमध्ये अणुऊर्जा ‘स्वच्छ’ मध्ये धरायची की नाही हे तुम्हाला निवडता येतं. ही सोय फार योग्य आहे, कारण रिन्यूएबल आणि कार्बन-फ्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत त्यांची सर्रास सरमिसळ होते. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कॉन्स्टेलेशन या वीज कंपनीशी २० वर्षांचा करार केला, अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राची २०१९ मध्ये बंद झालेली अणुभट्टी (युनिट १) परत चालू करायचा, तिथली वीज कार्बन-फ्री पण रिन्यूएबल नाही. तेच अमेरिकेतल्या नेवाडात फेर्वो कंपनीचा जमिनीखालच्या उष्णतेवरचा प्रकल्प गूगलसाठी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रिडला जोडला गेला, तो जेमतेम ३.५ मेगावॅटचा, पण रिन्यूएबल आणि रात्री पण चालणारा. मला स्वतःला अशा रात्रीच्या विजेबद्दल सगळ्यात जास्त आशा वाटते, कारण दुपारचा प्रश्न सौरने बऱ्यापैकी सोडवलाय, संध्याकाळी सात ते अकराचा अजून कुणी सोडवलेला नाही.

घ्यायच्या आधी काय करायचं म्हणाल तर ग्रीन वेब फाउंडेशनच्या साइटवर होस्टचं किंवा कुठल्याही वेबसाइटचं नाव टाकून बघा. नेदरलँड्समधली ना-नफा संस्था आहे, होस्टने दिलेले पुरावे बघून ते ग्रीन आहे का सांगतात. सुरुवातीची चाळणी म्हणून उत्तम, पण ते हो किंवा नाही एवढंच सांगतं, तासाचं नाही सांगत. त्यानंतर सपोर्टला मेल टाका आणि विचारा की माझा सर्व्हर नक्की कुठल्या इमारतीत असेल, इमारत तुमची की भाड्याची, तिथला तासाच्या हिशोबाने आकडा किती, लोकेशन-बेस्ड उत्सर्जन किती, आणि करारातले प्रकल्प कुठल्या वर्षी बांधले. उत्तर किती लवकर येतं यापेक्षा उत्तरात आकडा येतो की विशेषणं येतात ते बघा. एनर्जीटॅग नावाच्या संस्थेने तासाचा शिक्का असलेल्या सर्टिफिकेटांचं स्टँडर्ड बनवलंय, होस्टला त्याबद्दल विचारलं की समोरच्याला विषय कळतो का तेही लगेच समजतं. जीएचजी प्रोटोकॉलने पण २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नियमांचा नवीन मसुदा लोकांच्या मतांसाठी ठेवला, त्यात तासाने आणि त्याच ग्रिडवर हिशोब जुळवायची सूचना आहे. तो मंजूर झाला तर वर्षाच्या पीडीएफवाल्यांना पण हे करावंच लागेल, म्हणून जे आज करतायत त्यांच्याकडे जाणं मला जास्त बरं वाटतं.

कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे थांबू शकणारं जड काम आहे, बॅकअप, व्हिडिओ प्रोसेसिंग, रिसर्चचे आकडेमोडीचे जॉब, आर्काइव्ह, त्यांनी नक्की. फक्त एक छोटी साइट असेल तर तिची वीजच एवढी कमी की शेड्यूलरपेक्षा चांगली जागा निवडा आणि पानं हलकी ठेवा. पूर्ण काम जीपीयूवरच असेल तर इथे थांबा, निदान त्यांचे आकडे येईपर्यंत.

आम्ही साधे सर्व्हर आणि स्टोरेज पुढच्या वर्षासाठी रिन्यू केलंय. जीपीयूचं रिन्यू केलेलं नाही, ते महिन्या-महिन्याने घेतोय, आणि ट्रान्सक्रिप्शन जमेल तेवढं साध्या सर्व्हरवरच छोट्या मॉडेलने करतोय, हळू होतं पण दुपारच्या पिवळ्या खांबांत बसतं. भाड्याच्या इमारतीतले तासाचे आकडे मिळवून द्या म्हणून टिकीट टाकलंय, ते अजून उघडं आहे. आकडे आले आणि निम्म्याच्या वर असले तर पाचवा स्टार इथेच येऊन देईन.